कुरडया आणि बुलबुल

ठाण्यात, आमच्या बाळकुमला मे महिन्यात गॅलरीच्या लादीवर पाय ठेववत नाही. अशा उन्हात शेजारणीच्या गॅलरीत बुलबुलाने घरटं केलं आणि माझं डोकं आणखी तापलं.

कारण पाणी ठेवत होते मी! मार्चपासून रोज, मातीच्या पसरट भांड्यात, खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर. एक चिमणी फिरकेल तर शपथ. कबुतरांना वैतागून आम्ही गॅलरीला जाळी बसवलेली, हिने बसवलीच नाही. झाड म्हणाल तर एक मनी प्लँट, तोही अर्धा वाळलेला. त्यात घरटं! "अगं, ये ना, तीन पिल्लं आहेत," म्हणून तिने हाक मारली. मी गेले, "अय्या, किती गोड!" म्हटलं आणि घरी येऊन धुसफुसत बसले. पक्ष्यांची पुस्तकं वाचायची मी, दुर्बीण घ्यायची मी, आणि बुलबुल हिच्याकडे! हिला बुलबुल कोण नि साळुंकी कोण, तेही मीच सांगितलेलं.

मग मी करू नये ते केलं. सोसायटीच्या तक्रारपेटीत निनावी चिठ्ठी टाकली: या फ्लॅटला जाळी नाही, तिथली कबुतरं शेजारच्या कुरडया घाण करतात. साफ खोटं. माझ्या कुरडया जाळीच्या आत चादरीवर खडखडीत वाळत होत्या. दरवर्षी त्यातलाच एक डबा मी हिला देते. मला वाटलेलं, नोटीस येईल, जरा जिरेल हिची.

सोसायटीने चार दिवसांत जाळीवालाच पाठवला. ती ऑफिसात होती. तिच्या सासूबाईंनी दार उघडलं आणि तासाभरात जाळी लागली.

थोड्या वेळाने पलीकडून चिवचिवाट सुरू झाला. बुलबुल चोचीत किडा धरून जाळीवर धडका देत होता, आत पिल्लं ओरडत होती. मी बेल वाजवून वाजवून थकले; सासूबाईंना आधीच ऐकू कमी येतं, त्यात त्या दुपारच्या झोपल्या असाव्यात. दोन गॅलऱ्यांमध्ये एकच भिंत. आधी माझी जाळी कापली, त्यातून हात बाहेर काढला आणि तिची कापली. घामाने कात्री दोनदा निसटली. मी आत सरकल्यावर बुलबुल तिच्या जाळीतल्या भोकातून शिरला.

संध्याकाळी ती आली तेव्हा दारातच सांगितलं, "जाळी मी कापली. पिल्लं उपाशी होती गं." चिठ्ठीचं मात्र सांगायचा धीर झाला नाही.

"बरं केलंस," ती चपला काढत म्हणाली. "सेक्रेटरींनी आज ती चिठ्ठी फोनवर पाठवली. नाव नव्हतं. पण आपल्या विंगेत कुरडया घालतं कोण, तुझ्याशिवाय?"

मी वाकून दारातलं पायपुसणं उगाच सरळ केलं.

"यंदा डबा नको हं पाठवूस."

दुसऱ्या दिवशी माझ्या कापलेल्या जाळीतून एक कबुतर आत आलं आणि कुरडयांच्या मधोमध बसलं. मी त्याला हाकललंसुद्धा नाही.