उपयुक्त ठरू शकेल!

संशोधनात निष्कर्ष हाती लागायला वर्षं जातात. फजिती मात्र रोजची. मुरबाडच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएच.डी. करत होतो, तेव्हाचा हा साठा. काम एवढंच: काचेच्या पट्टीवर सेमीकंडक्टरचा पातळ थर चढवायचा आणि तो कशाच्या उपयोगाचा, ते सांगायचं. थर कधीकधी चढायचा. उपयोग मात्र सांगावाच लागायचा!

आमच्या गाईडसरांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "हा पदार्थ सौर घटांसाठी उपयुक्त ठरू शकेल." पदार्थ बदलायचा, वाक्य तेच. पुढे पुढे मी पेपर लिहायला बसलो की ते वाक्य आधी टाइप करून घ्यायचो.

* * *

एकदा अख्खा थर पापुद्र्यासारखा सुटून आला. मी रडकुंडीला आलो. सरांनी तो चिमट्यात धरून उजेडात पाहिला.

"वाया कशाला घालवतोस? लिही, वाकणाऱ्या उपकरणांसाठी उपयुक्त ठरू शकेल!"

मी लिहिलं की!

* * *

मग गॅस सेन्सर. गॅस गळला की मीटरचा काटा हलणार, हा आमचा दावा. काटा हलायचा, पण कुणी दार उघडलं तरी हलायचा. शेजारच्या क्वार्टरमध्ये सुकट भाजली तर थेट टोकाला!

सर खूश. "म्हणजे सेन्सिटिव्ह आहे!"

* * *

भट्टी तापत आली की हमखास लोडशेडिंग. शेवटी मी वायरमनला गाठलं. "अहो, उन्हापासून वीज करायचं काम चाललंय. निदान दुपारी तरी लाइट घालवू नका!"

"मंग ती उन्हाची लाइट लावा ना, सर. आमाला कशाला सांगता?"

* * *

बिघडलेल्या पट्ट्या डोळखांबचा माझा मामा घेऊन जायचा. "चकाकत्यात रे," एवढंच म्हणायचा. पोरांना खेळायला देत असेल, असं मी धरून चाललो होतो.

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, खुली असते, कुणीही येऊन बसावं. माझ्या व्हायवाला मामा मागच्या बाकावर येऊन बसला. पेढे आधीच आणलेले. बाहेरचे परीक्षक प्रबंधाची पानं उलटत होते आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

"ठरू शकेल, ठरू शकेल... प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तेच! खरोखर ठरलेला एक उपयोग सांगा, मग सही करतो."

सरांनी पंख्याकडे पाहिलं. गेली डिग्री, असंच वाटलं.

मामा उठला. "सायब, हाय ना! ह्याच्या काचा मी भाताच्या शेतात टांगल्यात. पाखरं येत नाय."

तिथंच मामाच्या पाया पडावं असं मला वाटलं! परीक्षक खुर्चीत पुढे सरकले.

"बाजूला कधी साधी काच टांगून पाहिली?"

"टांगली ना. तिलाबी पाखरं येत नाय!"

"चला, एक तरी निष्कर्ष पडताळून काढलेला निघाला!" परीक्षकांनी हसत सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"डॉक्टर, आता ते शेवटचं वाक्य खोडा."