बसूची कॅसेट आणि माझा संशय

बसवराज गेल्याचा फोन त्याच्या मुलाने, शिवूने केला. सकाळी दुकानाचं शटर वर केलं, खुर्चीत बसला, छातीत कळ आली म्हणाला, आणि संपलं. मी ‘येतो’ म्हणून फोन ठेवला. त्या क्षणी मनात जे आलं ते सांगायची लाज वाटते. रडू आलं नाही. वाटलं, आता खरं कधीच कळणार नाही… ज्याच्याबरोबर पंधराएक वर्षं चहा प्यालो, त्याच्या जाण्यावर मला हे सुचलं! पण माझा स्वभावच तसा. दूधवाल्यासमोर मी दुधात बोट बुडवून बघतो. एसटीच्या कंडक्टरने दिलेलं तिकीट उजेडात धरून तारीख वाचतो. बायको म्हणते, लग्न ठरलं तेव्हा तुम्ही माझी पत्रिका तीन ज्योतिषांना दाखवलीत. तेव्हा हा लेख एका संशयी माणसाने लिहिलाय, हे आधीच सांगून टाकतो.

बसू मूळचा गडहिंग्लजचा, लिंगायत. घरात आईशी-बायकोशी कन्नड, दुकानात रांगडी कोल्हापुरी, आणि मी कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून माझ्याशी जरा सांभाळून. नव्वदनंतर कोल्हापुरात लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा सुकाळ झाला, त्या लाटेत त्यानेही दुकान टाकलं होतं. आमची ओळख झाली चित्रपट मंडळात. रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही वीस-पंचवीस जण परदेशी सिनेमे बघायचो. त्यातही हुकूमशहांची, झेंडेवाल्यांची, डोकं फिरलेल्या पुढाऱ्यांची थट्टा करणारे सिनेमे बसूला फार आवडायचे. मांडीवर थाप मारून तो इतका मोठ्याने हसायचा की पुढच्या रांगेतले वळून बघायचे. भाषा त्याला ओ की ठो कळत नसे. “सर, भाषेचं काय घेऊन बसलासा? भाषण करताना सगळ्यांची मान एकसारखीच फुगती की!” असं त्याचं म्हणणं.

त्यातूनच आमचा सिनेमा निघाला. ‘शत्रू पाहिजे’. कथा त्याची, संवाद माझे. एका गावात ‘ज्वलंत दल’ नावाची कडवी संघटना असते. मोर्चे काढणं, घोषणा देणं, हेच तिचं काम. एक दिवस शत्रूच संपतात. मग हे लोक जाहिरात देऊन शत्रू नेमतात. एक गरीब माणूस दोन वेळच्या जेवणावर ती नोकरी धरतो, आणि शत्रूवाचून दल बंद पडेल म्हणून सगळे त्याला जिवापाड जपतात. त्याला सर्दी झाली तरी अध्यक्ष काढा घेऊन येतात. शेवटी वर्धापनदिनाच्या लुटुपुटूच्या मारामारीचा सराव करताना चुकून त्याच्या डोक्यात जोराची काठी बसते आणि तो मरतो. दल त्याच्या फोटोला हार घालतं, हुतात्मा म्हणून. ‘शत्रू द्या, नाहीतर शत्रू व्हा!’ ही दलाची घोषणा मी लिहिली होती. लिहिताना स्वतःवर इतका खूश झालो होतो की बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून ऐकवली.

मोर्चाच्या दृश्याला गर्दी हवी होती. तेव्हा सीमाप्रश्नावर वातावरण तापलेलं होतं आणि आमच्या पेठेतल्या तालमीच्या दिनकरवस्तादांनी त्या नावाखाली स्वतःची एक संघटना काढली होती. बसू जाऊन त्यांनाच विचारून आला. कॅमेरा म्हटल्यावर आपल्याकडे वरातीतला घोडासुद्धा मान वर करतो. वस्ताद पोरं, झेंडे, हलगी सगळं घेऊन आले. त्यांना काय सांगितलं होतं? “संघटनेवर पिक्चर हाय.” खोटं नव्हतं ते. अध्यक्षाचं भाषण वस्तादांनी केलं. मी त्यात एकेक वाक्य मूर्खपणाचं घातलं होतं आणि तो माणूस ते मनापासून बोलला! डोळे लाल, कपाळावर शीर. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझी घोषणा मात्र त्यांच्या तोंडी नव्हती, ती आम्ही नंतर दुकानात आवाज भरून घातली. शूटिंग संपल्यावर वस्ताद माझा हात धरून म्हणाले, “सर, काय डायलाग लिवलाय वो! अंगावर काटा आला बघा.” मी हसलो. बसू हसला नाही. कॅमेरा बंद करताना तो हळूच म्हणाला, “सर, ह्यो पिक्चर तालमीत जाता कामा नये.”

ते मला पटलं. ज्याला स्वतःवर हसता येत नाही, त्याला आरसा दाखवला तर तो भांग पाडून घेतो. मंडळात एकदा दाखवला, आधी मी प्रास्ताविक केलं, लोक पोट धरून हसले. कॅसेटी दोनच ठेवल्या. एक बसूकडे, एक माझ्याकडे. तिसरी काढायची नाही, कुणाला द्यायची नाही, असं ठरलं.

दसऱ्यानंतर एक मोर्चा निघाला. मी गॅलरीत उभा होतो. खालून आवाज आला, ‘शत्रू द्या, नाहीतर शत्रू व्हा!’ माझी घोषणा, माझ्याच रस्त्यावर, हलगीच्या तालावर… चौकात सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं. चालवणारा मल्लाप्पा कन्नड बोलायचा, त्याचा बापही त्याच कोपऱ्यात पंक्चर काढायचा. त्या दिवशी तो ‘बाहेरचा’ ठरला. दुकान फोडलं, सायकली नाल्यात टाकल्या, त्याचा हात मोडला. आठवड्याने तो बायकापोरं घेऊन कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. तो शोधूनही मला सापडला नाही. खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही.

मी तडक बसूच्या दुकानात गेलो. “कॅसेट तू दिलीस?” तो पांढराफटक पडला होता. “न्हाय सर. शिवूची शपथ.” मी घरी आलो, पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. माझी कॅसेट तर कपाटात होती. मग उरलं कोण? आणि कारणही होतं की. घरात कन्नड बोलणारा माणूस. उद्या दगड आपल्या काचेवर येऊ नये म्हणून वस्तादांच्या मर्जीत राहायला त्याने दिली असेल. मला ते अगदी चोख जमलेलं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं. या खेपेला त्याने शपथ घेतली नाही. टेपचं रीळ गुंडाळत खाली मान घालून बसला. “जाऊ द्या की सर आता,” एवढंच म्हणाला. मी समजायचं ते समजलो.

त्यानंतर बारा वर्षं मी दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या दुकानात जात राहिलो. लोकांना वाटायचं, काय दोस्ती आहे! मी जायचो नजर ठेवायला. कोण येतं, कोण कॅसेट नेतं, वस्ताद आले की हा कसा बोलतो. वस्ताद यायचेच, कुस्त्यांचं शूटिंग बसूकडे असायचं, आणि मी मनात म्हणायचो, बघा. बसू मला चहा सांगायचा, कुठूनतरी मिळवलेला एखादा सिनेमा लावायचा, मांडीवर थाप मारून हसायचा. मी पडद्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघायचो. कॅसेटी जाऊन सीड्या आल्या. आम्ही दुसरा सिनेमा केला नाही. त्याने दोनदा विषय काढला, मी दोन्ही वेळा टाळला.

त्याला गडहिंग्लजला नेलं. त्यांच्यात दहन नसतं, बसलेल्या अवस्थेत मातीत ठेवतात. तिथून परतताना दिनकरवस्ताद माझ्या शेजारून चालत होते. आता थकलेत, गुडघे गेलेत. बोलता बोलता म्हणाले, “काय पिक्चर केल्ता वो तुमी दोघांनी. तुमच्या मेव्हन्यानं बावड्यात गणपतीत लावलीती कॅसेट, तिथनंच आमच्या पोरांनी कॉपी मारली.” मी जागच्या जागी उभा राहिलो. “बसूला हे माहीत होतं?” “मीच सांगितलं की तवाच. म्हनला, सरांना बोलू नगा.”

माझा विश्वास बसला नाही, हे सांगायला नकोच. म्हातारा सारवासारव करतोय, असं वाटलं. घरी येऊन मेहुण्याला फोन लावला. तो हसत म्हणाला, “दाजी, तुमीच दिलीती की! गौरीच्या सणाला आल्तासा, माझं डायलाग बघ म्हनलासा. दोन दिवसांनी परत दिली न्हवं का मी?” दिली होती. परत आली म्हणजे गेलीच नव्हती, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. नाही, समजूतही घातली नव्हती. मी माझ्याकडे संशयाने बघायचं विसरलो होतो. मल्लाप्पाचा हात माझ्या बढाईने मोडला, आणि बारा वर्षं मी तो बसूच्या खात्यावर टाकला. बसूवर पहिला संशय घ्यायला मला जे कारण सुचलं, ते वस्तादांच्या पोरांना सुचलं त्याहून वेगळं नव्हतं.

पंधरा दिवसांनी धीर करून त्याच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगायचं होतं. मी दोन वाक्यं बोललो असेन, त्यांनी हातानेच थांबवलं. “ठावं हाय की मला. ह्यांनी सांगितलंतं.”

“मग तो मला का नाही बोलला, वहिनी?”

“मी म्हनलंतं ह्यांस्नी, सांगून टाका, किती दिस आळ सोसताय. तर म्हनले, सर संशय घेत्यात म्हनून तर दर गुरुवारी येत्यात. खरं कळलं तर लाजंनं यायचंच बंद करतील…” मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “दुकान शिवू बघतोय आता. तुमची खुर्ची हाय तिथंच हाय. येनार न्हवं सर गुरुवारी?”

मी येतो म्हणालो. त्याला आता पाच गुरुवार झाले. शिवूचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी बायकोला, ‘घरी नाहीत म्हणून सांग,’ असं खुणावलं.