रस्त्याकडचा तुकडा

वसंतराव ऊर्फ भाऊसाहेब यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. गौरव अंकासाठी चार चांगले शब्द लिहून द्या, असा समितीचा निरोप आला. लिहितो, पण त्यात एक कबुली आहे, ती समितीने कृपा करून गाळू नये.

शेवगाव तालुक्यात कृषी सहायक म्हणून मी रुजू झालो, तेव्हा भाऊसाहेब त्याच पदावरून निवृत्त व्हायला आले होते. पहिल्याच दिवशी माझी माहितीपत्रकं त्यांनी पिशवीत ठेवायला लावली. "आधी आपल्या रानात लावा, मग लोकांच्या बांधावर जा," म्हणाले. त्याच हंगामात माझ्या हातून मातीच्या नमुन्यांची सरमिसळ झाली. भाऊसाहेबांनी वरिष्ठांना कळू दिलं नाही. भर उन्हात माझ्यासोबत पुन्हा शेत न् शेत फिरले.

त्यांच्या गावात नवं पीक घ्यायचं तर पत्रक कोणी वाचत नाही. भाऊसाहेबांच्या रस्त्याकडच्या तुकड्यात काय लावलंय, ते बघतात.

काही वर्षांपूर्वी गवतापासून गॅस करणारा कारखाना येणार, हत्तीगवत लावा, अशी हवा झाली. वरून माझ्यामागे तगादा होता. नेमकं तेव्हाच भाऊसाहेबांनी त्या तुकड्यात हत्तीगवत लावलं, तेही निव्वळ आपल्या दोन गाईंसाठी. मला ते ठाऊक होतं. पारावर गावातल्या रखमाजी आबांनी मला विचारलं, "भाऊसायबांनी लावलंय का?"

"लावलंय की!" मी म्हणालो. गाईंचं बोललो नाही.

"मंग काय इचारायचं! आमी बी लावतो."

तूर-बाजरी सोडून अर्ध्या गावाने गवत लावलं. कारखाना आलाच नाही. गवत निबर झालं, जनावरं तोंड लावेनात, ठोंबं उपटता उपटेनात. लोक भाऊसाहेबांच्या दारात गेले, मीही तिथेच होतो. "आमी यांना इचारून खात्री केल्ती," म्हणत आबांनी माझ्याकडे बोट केलं. भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "चुकलं माझं," एवढंच बोलले; गाईंचं त्यांनीही काढलं नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो. लाज वाटते आजही.

नंतर म्हणाले, "तुम्हाला अजून नोकरी करायचीय. लोकांनी तुमचं ऐकलं पाहिजे."

अहो, माझं कोण ऐकतंय! आता त्यांचंही कोणी ऐकत नाही. तो तुकडा त्यांनी पडीक टाकलाय. उभ्या जन्माचा त्यांचा शब्द मी घालवला, आणि तो परत येईल अशी आशा मला उरलेली नाही.

भाऊसाहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मनापासून मागतो. सत्काराच्या मांडवात उभं राहून मी हे सगळं गावाला सांगणार आहे. भाऊसाहेब, त्या दिवशी तरी मला पाठीशी घालू नका.