कुंकू न लावलेलं पातं

दसऱ्याला सगळी भिलाई आपापली अवजारं पुजते. आमच्या सेक्टर दहामध्ये कुणी पाना-पकडीला कुंकू लावायचे, कुणी स्कूटरला झेंडूची माळ घालायचे. शेजारचे आरावाले काका मात्र पलंगाखालून परातीएवढं एक गोल, दातेरी पातं काढायचे, चिंच लावून घासायचे, धुऊन पाटावर ठेवायचे आणि त्याला काहीच लावायचे नाहीत. फूलसुद्धा नाही. मी नवी होते, भोचकपणे कुंकवाची कोयरी घेऊन पुढं झाले, तर म्हणाले, "राहू दे वो बाई. यानं आमचं पोट भरलं म्हणून धुतो. कुंकू लावावं असं काम नाही केलं त्यानं."

पातं त्यांच्या आज्याचं. आजा भंडाऱ्याकडचा. एका इंग्रज साहेबानं इकडच्या जंगलात पहिली आरामशीन, म्हणजे लाकूड कापायची गिरणी टाकली, तेव्हा मजुरीला आला. तिथलं सगळं काकांना तोंडपाठ. वाफेचं इंजिन बैलजोड्या लावून ओढत आणलं, पण रस्ता होता कुठं मेला? मग रस्त्यापुरती सरईची, म्हणजे सालाची झाडं आधी हातानं पाडली. मशीन चालू झाली, रेल्वेसाठी लाकडाचे स्लीपर निघू लागले. "आन् इंजिनच्या पोटात काय? लाकूडच. जंगल कापाले जंगलच जाळून राहिले होते." इथं काकांचा चहा हमखास गार व्हायचा.

पुढं जंगल इतकं मागं हटलं की ओंडका घेऊन बैल दिवसाउजेडी परतेनात. साहेबानं मशीन उचलून पुढच्या जंगलात नेली आणि झिजलेलं एक पातं आज्याला बक्षीस दिलं. बक्षीस म्हणे! मी साहेबाच्या नावानं बोटं मोडली, तर काका माझ्यावरच उखडले. म्हणाले, "सायेब तं खुर्चीवर बसून होता. झाडं माह्या आज्यानं पाडली." दुसऱ्यावर ढकलून मोकळं होणं त्यांना जमलंच नाही. स्वतः जन्मभर पोलादाच्या प्लांटमध्ये रूळ केले. आज्यानं रुळाखालचं लाकूड केलं, नातवानं वरचं लोखंड, असं म्हणून हसायचे. ते हसू मला कधी सहन झालं नाही.

त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. हे सगळं घरातल्या कुणीतरी ऐकावं आणि पुढं सांगावं. मुलगा प्रकाश 'हो बाबा' म्हणत उठून जायचा. नात पिंकी कॉलेजात, पोरगी गोड, पण तिची मराठी 'जेवलात का'च्या पुढं सरकेना. काका, हिंदीत सांगा की, असं मी कितीदा म्हटलं. म्हणायचे, "हिंदीत मी प्लांटचं बोलतो, बजारचं बोलतो. आज्याचं सांगाले गेलो का बातमी वाचल्यासारखं होते." हट्टी माणूस! अशानं सांगायचं राहूनच जाईल, हे त्यांनाही कळत होतं.

मग प्लांटचं क्वार्टर सुटलं आणि ते प्रकाशच्या जुनवानीतल्या फ्लॅटवर गेले. सामान बांधताना प्रकाशनं पातं भंगारवाल्या कबाड्याला देऊन टाकलं. वाईट मनानं नव्हे. घरात कुणाला लागेल-बिगेल म्हणून. त्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले, तर काकांनी पाट मांडला होता आणि पाटावर काहीच नव्हतं. मला म्हणाले, "गेलं असन भट्टीत. होतं तवा कोणी आयकलं नाही. आता आयकलं तरी कोण मानंल?" मी आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. त्यानंतर त्यांनी आरामशीनचं नाव काढलं नाही. थंडी सरायच्या आत गेलेसुद्धा.

तेराव्याला पिंकी माझ्याजवळ येऊन बसली. "आंटी, दादाजी वो चक्का धोते क्यों थे?" पोरीनं आपणहून विचारलं! मी लगेच सांगायला लागले, अर्थात हिंदीतच. साहब, इंजन, जंगल, स्लीपर. काही म्हणता काही गाळलं नाही. आणि दोन मिनिटांत ते संपलं.

"अच्छा," पिंकी म्हणाली, आणि पानं वाढायला उठली.