भावाची भरमार

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत राहत होता. तो तिकडे कॉम्प्युटरचं काम करायचा, मी इकडे नागपुरात आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवायचो. मी निवृत्त झालो त्या वर्षी एका रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. आमच्यात तेव्हा सणावारापुरतंच बोलणं उरलं होतं, त्यामुळे बायकोनं फोन माझ्या हाती देताना माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा, हे पाह्य," म्हणत त्यानं फोन टेबलावरून फिरवला. एक लांब खोकं उघडं होतं. त्यात लोखंडी नळी, घोडा, चाप, पितळी पट्ट्या, स्क्रूच्या पुड्या आणि अर्धवट कोरलेला लाकडी दस्ता.

"बंदूक?"

"भरमार. ठासणीची. इकडे सुटे भाग विकत भेटतात, घरी बसून जोडायचे. नळी, घोडा मी पाहून घेईन. लाकडाचं काम मले येत नाही. तू सांगशील का?"

भरमार हा शब्द आमच्यात किती तरी वर्षांत कोणी उच्चारला नव्हता.

बाबांकडे एक भरमार होती. भिवापूरकडच्या आमच्या शेतात हरभरा भरला की रानडुकरं उतरत, त्यासाठी तिचं लायसन काढलेलं. बाबा तिच्यात छर्रे क्वचितच घालत. नुसती दारू ठासून बार काढत आणि डुकरं पळून जात. मी कान झाकून घ्यायचो. धाकट्याला मात्र त्या आवाजाचं वेड होतं. बंदूक पुसायचं, दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं काम तो दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

बाबा गेले तेव्हा त्याचे व्हिसाचे कागद अडकले होते. तो तीन आठवड्यांनी पोचला. तोवर ठाण्यातून निरोप आला होता: बंदूक वारसाच्या नावावर करा, नाही तर जमा करा. मी जमा केली. वारसांना नको आहे, असं लिहून खाली सही करून दिली. वारस आम्ही दोघं होतो आणि सही माझ्या एकट्याची होती.

आल्या आल्या त्यानं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मले विचारलं काहून नाही?"

"तू होतास कुठं विचारायले?" मी म्हणालो.

बोलू नये ते बोलून गेलो होतो. तो ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच परत गेला.

म्हणून त्या रविवारी त्यानं मलाच विचारावं याचं मला नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मी म्हणालो, "दस्ता जवळून दाखव. रेषा कुठून कुठं जातात पाहू दे."

तेव्हापासून माझी रविवारची सकाळ आणि त्याची शनिवारची संध्याकाळ त्या कामात जाऊ लागली. नळी लाकडात बसवायची म्हणजे खाच तिच्या अंगाबरोबर उतरायला पाहिजे, कुठंही पोकळ राहता कामा नये. मी त्याला सांगितलं, नळीला काजळ लाव, खाचेत दाब, उचल. जिथं काळं उमटेल तिथंच लाकूड जास्त आहे. तेवढंच खरवड. मग पुन्हा काजळ.

"असं किती वेळा?"

"काळं सगळीकडे सारखं उमटेपर्यंत."

त्याला वाटलं चार-सहा वेळा. दोन महिने लागले. नाकाला, कपाळाला काजळ लागलेला माझा पन्नाशीचा भाऊ फोनमध्ये दिसायचा आणि माझी बायको मागून म्हणायची, "भाऊजी, लहान लेकरावानी दिसून राहिले." तो हसायचा. तो बारीक झाला होता, ते मला दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, "साखर बंद केली. चालतो रोज."

नळी बसली त्या दिवशी त्यानं दस्ता उचलून उलटा केला. नळी पडली नाही. पोरगं पास झाल्यावर व्हावा तसा आनंद मला झाला.

मग घोड्याची पाटी, म्हणजे घोडा जिच्यावर बसतो ती लोखंडी पट्टी, दस्त्यात बसवायची होती. तिथं लाकडाची कड पातळ असते. पटाशी हलक्या हातानं, रेषेच्या दिशेनंच चालवायची, हे मी तीनदा सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत त्याची पटाशी घसरली आणि कडेची बोटभर ढलपी निघून टेबलाखाली गेली.

मी चिडलो. तीस वर्षं पोरांवर ओरडायची सवय. "लक्ष कुठं असते तुझं? हातात हत्यार आहे तर धरून राहायचं ना! लहानपणापासून असंच. अर्धं करायचं न् नासवून ठेवायचं."

त्यानं पटाशी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "हो दादा. आता काय करू?"

ढलपी शोधून सरसानं तिथंच चिकटव, दाबून ठेव आणि दोन दिवस हात लावू नको, असं सांगून मी फोन बंद केला.

पुढच्या वेळी काम फार झालं नाही. तो आरामखुर्चीत बसला होता, दस्ता मांडीवर. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "दादा, तू ठाण्यात सही केली ना बाबांच्या बंदुकीची. तुझ्या जागी मी असतो तर मीही केली असती. एकटा माणूस काय करणार होता?"

तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं की चूक माझीच होती, एक फोन करायला मला काय झालं होतं. शब्द तोंडाशी आले होते. मी म्हणालो, "जाऊ दे ते. काचपेपर बारीक नंबरचा आण आता."

तो म्हणाला, "आणतो."

त्यानंतर दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, त्याच्या बायकोचा आला. तो गेला होता. आजार वर्षभरापासून होता. इकडे कोणाला सांगायचं नाही, अशी त्यानं तिला शपथ घातली होती.

थंडीत ती नागपूरला आली, आमच्याकडे आठ दिवस राहिली. एका दुपारी मागच्या अंगणात उन्हाला बसलो होतो. ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "शेवटी शेवटी त्यांच्या बोटांना काही कळत नव्हतं. औषधांमुळे. शर्टाची बटणं मी लावून द्यायची. तरी शनिवारी पटाशी घेऊन बसायचे."

मी विचारलं, "मी त्याच्यावर ओरडलो होतो. तुला माहीत आहे?"

"मी बाजूच्याच खोलीत होते, दादा."

"काय म्हणाला तो?"

"हसत होते. म्हणाले, दादाले अजून समजलं नाही, बरं झालं. बाकी सगळे माझ्याशी हळू बोलून राहिले. तो एकटाच पहिल्यासारखा बोलला."

मी उठून नळाशी गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो. ती मागून आली नाही, हे तिचं मोठेपण.

जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, बंदुकीचं काय करू? मी नागपुरातल्याच सदर बाजारातल्या एका जुन्या बंदूकवाल्याकडे जाऊन आलो होतो. तो म्हणाला, काका, नळी काय न् घोडा काय, बाहेरच्या देशातून आणायचा विचारही करू नका, कायद्यात अडकाल. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग माझ्याजवळच राहू दे.

पण उन्हाळ्यात तिला घर विकावं लागलं. मुलीकडे राहायला जायचं होतं आणि जावयाला घरात बंदूक नको होती. त्यांच्या शेजारी एक म्हातारा गोरा गृहस्थ होता, अशा बंदुका जोडण्याचा नाद असलेला. त्यानंच भावाला त्या खोक्याचा पत्ता दिला होता. उरलेलं काम मी पूर्ण करीन, असं तो म्हणाला.

"द्यायच्या आधी तुम्हाला पाहायची आहे का?" तिनं फोनवर विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं ती पलंगावर पांढऱ्या चादरीवर ठेवून फोनचा कॅमेरा तिच्यावर धरला. घोडा लागला नव्हता, लाकूड तेलाविना कोरडंच होतं. माझी बायको माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी होती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मास्तर म्हणून पाहायचं ठरवलं होतं, तसं पाहता आलं नाही.

"झालं का, दादा?"

"हो," मी म्हणालो. "देऊन टाक."

फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिलो. बायकोनं जेवायला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली.