सोड्याची पहिली बाटली

धंदेवाल्याच्या गल्ल्यात काही साठो न साठो, किस्से साठतातच. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या आम्हा तिघांकडे तर ढिगाने होते, आणि त्यातले बहुतेक घाबरल्याचे! सान्यांचा छापखाना, बाळाराम पाटलाचा विटांचा धंदा, आणि मधोमध माझा सोडावॉटरचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, एक हाताने फिरवायचं मशीन आणि मी.

*

ठाण्याच्या कचेरीतली कायमची नोकरी मी सोडली, हे कळल्यावर सासरे तडक डोंबिवलीला आले. सोबत वैद्य! वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि प्रकृती ठणठणीत असल्याचं सांगितलं. सासऱ्यांचा चेहरा आणखी पडला.

"म्हणजे यावर औषधही नाही," ते म्हणाले.

*

भरताना बाटल्या फुटायच्या. म्हणून हाताला गोणपाट आणि तोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा. तरी प्रत्येक बाटलीला मी डोळे मिटून घ्यायचो. एकदा गिऱ्हाइकाची हाक आली म्हणून तसाच बाहेर गेलो. ते गृहस्थ हातातली छत्री टाकून पळाले, आणि ती न्यायलाही परत आले नाहीत.

साने मला समजवायचे, "भीती आत ठेवा हो. गिऱ्हाईक आधी मालकाचं तोंड बघतं, मग माल."

*

आमची साखळी साधी होती. बाळारामकडून कुणी विटा नेल्या, की घर होणार. घर झालं, की वास्तुशांत. तिच्या पत्रिका सान्यांनी छापायच्या, सोडा मी पुरवायचा. एकदा बाळारामने ठाकुर्लीच्या एका जमीनदाराचं नाव सांगितलं. सान्यांनी पत्रिकांचे नमुने घेतले, मी पिशवीत बाटल्या घेतल्या. 'अभिनंदन' म्हणायला तोंड उघडणार, तर ओटीवर सगळे मान खाली घालून बसलेले. विटा वडिलांच्या समाधीसाठी होत्या!

मी दारातूनच मागे फिरायला लागलो. साने मात्र नमुने कोटात सरकवून गपकन खाली बसले. मीही पिशवी मांडीखाली दाबून बसलो. उठताना यजमानांनी सान्यांचे हात धरले. "ओळख ना पाळख, तरी दुःखात आलात," म्हणाले आणि रडले.

पुढे त्यांच्या घरचं प्रत्येक कार्य आम्हालाच मिळालं. त्या घरात आम्ही मान वर करून कधी गेलो नाही.

*

मग एका उन्हाळ्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली आणि कुणीतरी म्हणालं, सोड्याने होतंय. झालं! ऐन हंगामात दुकानाकडे कुणी फिरकेना. मी पाणी उकळून, गाळून घेत होतो. पण विहीर सगळ्यांचीच, त्यामुळे माझ्याही मनात पाल चुकचुकली. साने रोज येऊन बसत, पण बाटली पुढे केली की नेमका त्यांचा घसा बसलेला असे.

बायको म्हणाली, हा उन्हाळा असाच गेला तर मशीन विकून टाका, मला फार भीती वाटते. मलाही वाटत होती. सासऱ्यांनी कचेरीत शब्द टाकून ठेवलाच होता.

*

त्याच सुमारास बाळारामच्या धाकट्या मुलीची हळद होती. मला न विचारता त्याने सगळा सोडा माझ्याकडूनच मागवला. बैलगाडीतून पेट्या उतरल्या. मांडवात अख्खं गाव जमलेलं, पण बाटलीला कुणी हात लावेना. एक म्हातारा सगळ्यांदेखत म्हणालाच, "बालाराम, पोरीचे हलदीला इख पाजतंस काय?"

पेट्या परत गाडीत चढवतो, असं मी म्हणणार, तेवढ्यात बाळारामने एक बाटली उचलली, अंगठ्याने तोंडाशी अडकलेली काचेची गोळी आत दाबली आणि हळदीने माखलेल्या लेकीच्या हातात दिली. तिने एकदा बापाकडे पाहिलं आणि घटाघटा पिऊन टाकली. वर खणखणीत ढेकर दिला. मांडव हसला. आधी तिच्या मैत्रिणी पुढे आल्या, मग बाया, मग तो म्हातारा. घटकाभरात पेट्या रिकाम्या झाल्या.

बाळाराम मला मांडवामागे घेऊन गेला. आसपास कुणी नाही ना, ते त्याने आधी पाहिलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "आता खरं सांग. पानी चांगलं हाय ना?"