कूलरच्या स्टँडवर बसवलेलं कटर

"अंगठा वाकवणारा टेंडन पूर्ण तुटला आहे," अकोल्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ती जोडता येईल, पण अंगठा किती वाकेल ते आत्ता सांगता येणार नाही. माझे बाबा सुतार आहेत, आणि हा उजवा अंगठा. मी मान हलवली. आणखी काय विचारायचं असतं, मला माहीत नव्हतं.

मी अमरावतीला बी.एस्सी. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. आई नाही. निरोप आला तशी बसमध्ये बसले.

बाबांनी लाकूड कापायचं टेबल-कटर कूलरच्या लोखंडी स्टँडवर बसवलं होतं. हिवाळ्यात स्टँड रिकामाच असतो. पाण्यानं भरलेला कूलर पेलतो, तर मशीन का नाही पेलणार, असा त्यांचा हिशोब. वजन पेललंही. पण कूलरला कोणी ढकलत नाही. कटरवर फळी पुढे रेटावी लागते. जाड फळी रेटताना स्टँडचे अलीकडचे पाय उचलले गेले, बाबांचा तोल गेला आणि हात पात्यावर पडला.

ऑपरेशन झालं. पुरुषांच्या वॉर्डात रात्री थांबणारी मुलगी मी एकटीच. शेजारच्या खाटेवरचे काका रोज विचारायचे, "कोणी माणूस नाई का वं सोबत?"

"मी आहो ना."

"तू तं आहेच वं. माणसाचं इचारून रायलो मी."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी घास पुढे केला की डाव्या हातानं चमचा मागायचे. "कॉलेज बुडून रायलं तुयं. जाय," एवढंच बोलायचे. मैत्रिणींच्या ग्रुपवर हजेरीच्या गप्पा चालत. मी वाचायची, लिहायची काही नाही.

मग स्प्लिंट, म्हणजे हात एकाच स्थितीत ठेवणारी पट्टी. ती निघाल्यावर व्यायाम. अंगठा हळूहळू वाकू लागला. शेंड्याला स्पर्श मात्र कळत नाही. तो पुन्हा कळू लागेलच असं नाही, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. त्यासाठी मी त्यांची आभारी आहे.

मी मशीन विकू म्हटलं. "मशीनचा काय गुना? बसवलं चुकीचं," बाबा म्हणाले.

सुट्टीत आम्ही नवा स्टँड केला. ते सांगत, मी करत होते. खाली पसरट पाय, त्यांना तिरप्या पट्ट्या, वर जाड प्लाय, भुसा पडायला मधे मोठं भोक. मशीन स्क्रूनं नाही, आरपार बोल्टनं आवळलं. पाय फरशीत पक्के केले. बाबांनी आधी काढून ठेवलेलं पात्यावरचं झाकण परत लावलं. "प्लग काढला का?" हे ते दर थोड्या वेळानं विचारत. तुमच्या घरी कोणी जुगाड करून असं मशीन बसवत असेल, तर चालू करण्याआधी त्याला जोरात ढकलून बघा. आम्ही ढकललं. हललं नाही.

बाबांनी मशीन चालू केलं, फळी धरली आणि बंद केलं.

"तू गेल्यावर कापीन, माय. तुयासमोर नाई होत."

दवाखान्यात मला वाटायचं, जवळ बसून राहणं म्हणजेच काळजी. दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या बसनं अमरावतीला निघाले.

बडनेऱ्याजवळ फोन वाजला. "कापली," बाबा म्हणाले. "हात दूर ठेवला. काठीनं रेटली."

मी बरं म्हटलं. पण फोन कुणीच ठेवला नाही.